बंदुका असताना तलवार कशाला? साय-फाय सिनेमातल्या जमलेल्या आणि फसलेल्या लढाया

गिरणाकाठचा (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या जळगावच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर या विषयावरून नुसता धुरळा उडालाय, म्हटलं तो वाद इथं आणून टाकू, इथं निदान लोक वाचून तरी भांडतात. विषय असा की अंतराळयानं आहेत, लेझरच्या बंदुका आहेत, अख्खा ग्रह उडवणारी यंत्रं आहेत, आणि एवढं सगळं असून शेवटी हिरो आणि व्हिलन तलवारी काढून समोरासमोर. आणि आपण पण येड्यासारखे खुर्चीत पुढं सरकून बघतो. का बरं? आणि काही लढाया इतक्या वर्षांनी पण डोळ्यासमोरून हलत नाहीत, काही मात्र पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत विसरून जातो, असं का?

माझं मत आधी टाकतो म्हणजे हाणायला सोपं. तलवार किती फिरली याला माझ्या लेखी फार किंमत नाही. वार करायच्या आधी त्या माणसानं काय ठरवलंय ते आपल्याला दिसलं पाहिजे, ते दिसलं की लढाई जमली. १९८० चा स्टार वॉर्समधला 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' घ्या. तिथं तलवार म्हणजे लाइटसेबर, उजेडाच्या पात्याची. व्हिलन व्हेडर आणि हिरो ल्यूक समोरासमोर, आणि सुरुवातीला व्हेडर एका हातानं लढतो. पोरगं जीव तोडून अंगावर येतंय आणि हा आरामात. त्याला ल्यूकला मारायचंच नाहीये, जिवंत पकडून न्यायचंय, हे आपल्याला माहितीये, ल्यूकला माहिती नाही. मग ल्यूक थोडा थोडा सुधरायला लागतो, आपल्याला वाटतं जमतंय याला, आणि शेवटी त्याचा एक वार व्हेडरच्या खांद्याला लागतो. बस्स, खेळ संपला. तिथून पुढं काही सेकंदांत ल्यूकचा हात तलवारीसकट खाली. म्हणजे इतका वेळ हा बाबा सोडून देत होता हे एका फटक्यात कळतं आणि पोटात गोळाच येतो. त्यानंतर तो सांगतो की मीच तुझा बाप, ते तर सगळ्या जगाला माहिती आहे.

आता २००५ च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'मधली लाव्ह्यावरची लढाई. मेहनत प्रचंड आहे, ओबी-वान झालेला मॅकग्रेगर आणि त्याचा चेला अनाकिन झालेला क्रिस्टेन्सन दोघं स्वतः लढलेत, मागं दिसणाऱ्या लाव्ह्यात एटना ज्वालामुखीचं खरं फुटेज वापरलंय, सगळं मान्य. पण मधे एक जागा अशी आहे की दोघं हातभर अंतरावर उभे राहून आपापल्या तलवारी नुसत्या गरागरा फिरवतात, कोणी कोणाला मारतच नाही! सख्ख्या भावासारखे दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेत आणि मला मात्र तिथं हसू येतं.

बोला आता.

भुसावळ_जंक्शन

पयला नंबर! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बाकी तिकडं वरणगावच्या फॅक्टरीत इतक्या वर्षांपासून बंदुकीच्या गोळ्या बनतात आणि आपल्याच जिल्ह्यातला माणूस इथं तलवारीवर धागा काढतो, काय भो :-)

सातपुडा_एक्सप्रेस

धागा भारी, वाखूसा (वाचनखूण साठवली). पण भाऊ, शीर्षकात जो प्रश्न टाकला तो खाली येता येता तुम्ही सोडूनच दिला. बंदूक का नाही? याचं उत्तर सिनेमानं दिलं नाही तर पुढची मारामारी कितीही चांगली असू द्या, मागं कुठंतरी मन म्हणत राहतं की अरे घाल ना एक गोळी आणि मोकळा हो.

या बाबतीत ड्यूनला तोड नाही. फ्रँक हर्बर्टनं १९६५ च्या कादंबरीतच सगळी सोय करून ठेवलेली. अंगाभोवती शील्ड असतं, वेगानं येणारी कुठलीही वस्तू ते अडवतं, मग ती गोळी असो नाहीतर जोरात घातलेली तलवार. सावकाश आत सरकवलेलं पातं मात्र जातं. बरं लेझर मारावा म्हटलं तर लेझर आणि शील्डची गाठ पडली की अणुबॉम्बसारखा स्फोट, ज्यानं मारला तो पण गेला, म्हणून तेही बाद. झालं, एवढ्या एका नियमावर हजारो वर्षं पुढचा माणूस परत सुरा घेऊन उभा राहिला आणि आपल्याला ते पटतं पण.

आणि त्या नियमानं लढायची पद्धतच बदलून जाते, हात सपकन न्यायचा आणि शेवटच्या वितीला आवरून पातं हळू आत सारायचं. २०२१ च्या सिनेमात गर्नी हा गुरू हिरो पॉलला लढायला शिकवतो तो सीन परत काढून बघा. वार अडला की शील्ड निळं चमकतं, पातं आत शिरलं की लाल. कोणी काही समजावून सांगत बसत नाही, दोन मिनिटांत आपल्यालाच स्कोअर कळायला लागतो. सीनच्या शेवटी पॉलचं पातं गर्नीच्या गळ्याशी, पोरगं खूश, आणि गर्नी म्हणतो जरा खाली बघ. खाली गर्नीचा सुरा आधीच येऊन थांबलेला. मी तर पॉलच्या तोंडाकडंच बघत बसलेलो, सुरा मला पण दिसला नव्हता.

नियम आधी, निर्णय नंतर असं माझं म्हणणं.

गिरणाकाठचा (धागाकर्ता)

@सातपुडा, नियम आधी हे घेतलं. पण त्याच सिनेमातली पॉलची जामिसबरोबरची लढाई बघा, जामिस म्हणजे वाळवंटात राहणाऱ्या फ्रेमेन लोकांमधला एक, तिथं तुमचा नियम माझ्याच मुद्द्याकडं येतो. वाळवंटात शील्ड नाही, कारण शील्ड लावलं की वाळूतले ते अजस्र किडे चवताळून येतात. कादंबरीत असंय की जन्मभर शील्डवाली लढाई शिकलेल्या पॉलचा हात शेवटच्या क्षणी सवयीनं हळू होतो, आणि बघणाऱ्या फ्रेमेन लोकांना वाटतं हा जामिसला खेळवतोय. सिनेमात हे दुसऱ्या अंगानं घेतलंय. पॉल परत परत विचारतो, हार मानतोस का, सुरा गळ्याला लावून थांबतो, आणि तिकडं हार मानायची पद्धतच नाही. फ्रेमेनचा म्होरक्या स्टिल्गार विचारतो हा खेळवतोय का त्याला, तर पॉलची आई सांगते, यानं अजून कोणाला मारलेलं नाही.

आता सांगा, तिथं कोण जास्त चपळ हा प्रश्न उरलाच कुठं? हे पोरगं मारणार का नाही एवढंच आपण बघत असतो. आणि मारतं तेव्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत.

तापीबाई

नमस्कार. मी शाळेत असताना फेन्सिंग खेळायचे, जिल्ह्याच्या पुढं गाडी गेली नाही पण हातात सेबर (खेळातली एक तलवार) धरलेलं आहे म्हणून बोलते.

खऱ्या खेळात टच इतका पटकन होतो की बघणाऱ्याला दिवा लागल्यावरच कळतं काहीतरी झालं. आपली भवानी देवी टोकियो ऑलिम्पिकला पहिली मॅच १५-३ जिंकली, २०२१ साली, ऑलिम्पिकला खेळणारी ती पहिली भारतीय तलवारबाज. तुमच्यापैकी ज्यांनी बघितली असेल त्यांनी खरं सांगा, स्लो मोशन दाखवल्याशिवाय एक तरी टच समजला का? खेळातलं सेबर पाचशे ग्रॅमच्या आतलं असतं, मनगट जरा हललं की टोक कुठल्या कुठं जातं. हे जसंच्या तसं पडद्यावर आणलं तर पब्लिक तिकिटाचे पैसे परत मागेल.

म्हणून सिनेमात सगळं मोठं करावं लागतं, वार लांबून दिसला पाहिजे. इथपर्यंत ठीक आहे. पण मग एक रोग लागतो, माणसाला मारायचं सोडून समोरच्याच्या तलवारीलाच मारत बसतात. कसं ओळखायचं सांगते. वार येताना मनातल्या मनात विचारा, समोरच्यानं अडवलंच नसतं तर हे पातं त्याला लागलं असतं का? डोक्याच्या वीतभर वरून जाणार असेल तर ती कवायत झाली, लढाई नाही. आता हे वाचल्यावर तुमचे निम्मे लाडके सीन बाद होणार आहेत, त्याबद्दल सॉरी नाही :-)

आणि धागाकर्त्यांनी खांद्याच्या वाराचं लिहिलं ना, तिथं आणखी एक गंमत आहे. त्या लढाईत व्हेडरच्या सूटमधे बॉब अँडरसन होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधे ब्रिटनकडून तलवारबाजी खेळलेला माणूस. एरवी सूटमधे उंचापुरा डेव्हिड प्राउज असायचा, पण १९८० आणि १९८३ च्या दोन्ही सिनेमांत तलवार चालवायला अँडरसन. गुपचूप चाललेलं, मग १९८३ ला ल्यूक झालेल्या मार्क हॅमिलनंच मुलाखतीत सांगून टाकलं, त्या माणसाला श्रेय मिळालं पाहिजे म्हणून. खांद्याला लागल्यावर व्हेडर जे करतो ते परत बघा, एक पण फालतू हालचाल नाही. मला तर तिथं काळ्या कपड्यातला कोच दिसतो.

भुसावळ_जंक्शन

ताई, तुमच्या त्या वीतभराच्या नियमानं आत्ता जेवताना एक सिनेमा वाया गेला. शेवभाजी पण गार झाली.

शिरपूरचा_शेर

सगळेच शहाणे झाले इथं. निर्णय म्हणे, नियम म्हणे. अरे बाबांनो मला गरागरा फिरलेली तलवार आवडते! १९९९ च्या स्टार वॉर्सच्या 'फँटम मेनेस'मधे दार्थ मॉल हा व्हिलन येतो, तलवारीचं एक टोक पेटतं, आपण म्हणतो हां ठीक आहे, आणि मग दुसरं पण पेटतं. तिथं कुठला निर्णय आणि कुठलं काय, अंगावर काटा म्हणजे काटा. मॉल झालेला रे पार्क हा माणूस मुळात वुशू (चिनी युद्धकला) करणारा, त्याचं अंगच तसं वळतं, आणि जोडीला जॉन विल्यम्सचं ते कोरसवालं संगीत. त्या कोरसचे शब्द संस्कृत आहेत बरं का, जुन्या वेल्श कवितेतल्या ओळी संस्कृतमधे करून घेतलेल्या. उच्चार असे केलेत की आपल्याला घंटा कळत नाही ते सोडा.

मॉलला अख्ख्या सिनेमात चार वाक्यं पण धड नाहीत. त्याच्या मनात काय चाललंय कोणाला ठाऊक? तरी ती लढाई एक नंबर. बसला का तुमचा मुद्दा खाली?

गिरणाकाठचा (धागाकर्ता)

@शेर, तीच लढाई घेऊ या की. त्यात तुला सगळ्यात जास्त काय आठवतं? मला विचारशील तर त्या लाल उजेडाच्या भिंती. एकीकडं मॉल, दुसरीकडं क्वाय-गॉन आणि त्याचा चेला ओबी-वान, लढता लढता भिंती बंद होतात आणि तिघं तीन जागी अडकतात. कोणी कोणाला हात लावू शकत नाही. क्वाय-गॉन तलवार विझवतो, गुडघ्यावर बसतो, डोळे मिटतो. मॉल पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझाऱ्या घालतो, तलवारीचं टोक भिंतीला लावून बघतो, ठिणग्या उडतात. आणि पार मागं ओबी-वान, त्याला नुसतं पळत सुटायचंय. काही सेकंदांत तिघांचे तीन स्वभाव, एक शब्द नाही. भिंती उघडतात तेव्हा ओबी-वान एक भिंत मागं राहतो आणि गुरू त्याच्या डोळ्यादेखत मरतो.

त्यानंतरचा ओबी-वान बघ कसा लढतो, आधीची सगळी शिस्त गेलेली, नुसता तुटून पडतो, आणि तिथंच फसतो, खड्ड्यात लोंबकळतो. मॉल बोलत नाही म्हणून काय झालं, तो वाट कशी बघतो त्यात सगळं आलं.

शिरपूरचा_शेर

भिंतींचं मान्य. पण भिंतींच्या आधीची गरागरा पण पाहिजेच. ती नसती तर थांबल्याचं काय कौतुक वाटलं असतं? सगळेच वार तोलून मापून मारायला लागले तर सिनेमा कमी आणि सहकारी सोसायटीची मीटिंग जास्त वाटेल.

तापीबाई

@शेर, ही गोष्ट मात्र बरोबर बोललास.

कळण्याची_भाकर

मी जरा आवाजाबद्दल बोलतो, कारण तुम्ही सगळे डोळ्यांनीच बघताय.

लहानपणी यात्रेत तमाशा बघायचो, वगात लढाई असायची. तलवारी लाकडाच्या, वर चंदेरी कागद, तो पण फाटलेला, खालची फळी दिसायची. एकमेकींवर आपटल्या की कसला तरी फुसका टक् आवाज. पण ढोलकीवाला असा तयारीचा की वार पडायला आणि त्याची थाप पडायला एकच गाठ, त्यामुळं फळी तलवार व्हायची. एकदा ढोलकीवाल्याचं लक्ष कुठंतरी गेलं आणि राजाचा वार थापेशिवायच पडला, सगळी यात्रा हसली. राजा तोच, फळी तीच.

स्टार वॉर्समधे हे काम बेन बर्ट नावाच्या माणसानं केलं. लाइटसेबरचा तो घूंऽऽ आवाज म्हणजे जुन्या फिल्म प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर, आणि त्यात टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळ माइक गेल्यावर आलेली भणभण मिसळलेली. मग तो आवाज स्पीकरवर लावून दुसरा माइक त्या स्पीकरपुढं हवेत फिरवला, तलवार फिरवावी तसा. आपल्याला तलवार जवळून गेल्यासारखी वाटते ती त्यामुळं. नुसत्या उजेडाच्या पात्याला वजन कुठून आलं? तर या आवाजातून.

१९७७ च्या पहिल्या सिनेमात तर सेटवर मोटरवर फिरणारी काठी होती, तिला परावर्तक पट्टी, आणि ती जोरात लागली की मोडायची. म्हणून ओबी-वान आणि व्हेडर इतके जपून लढतात. ओबी-वान झालेला ॲलेक गिनेस तेव्हा साठीच्या पुढं. लोक आता त्या लढाईला हसतात, मला आवडते. दोन म्हातारी माणसं, खूप जुना हिशोब, आणि शेवटी त्यातला एक जण हसून तलवार उभी धरतो आणि वार घेतो. उगाच उड्या मारल्या असत्या तर तो शेवट गेला असता वाया.

अहिराणी_आप्पा

बठ्ठासनं बरोबर शे भो. पन मी म्हनस, इतली तलवार फिरावानी गरजच काय? आम्हना गावमा बांधवर दोन जन भांडतस तव्हय घंटाभर नुसत्या शिव्या, आनि फटका एकच. तेवढामाच खतम.

पुण्यात_अडकलेला_धुळेकर

आप्पा, तुम्ही जे सांगितलं ते जपानी लोकांनी कधीच करून ठेवलंय :-) कुरोसावाच्या १९६२ च्या 'सांजुरो'मधे शेवटी दोघं अगदी जवळ उभे, कितीतरी वेळ कोणी पापणी हलवत नाही, बघणाऱ्याचाच श्वास अडकतो, आणि मग एकच वार. तो साय-फाय नाही हे माहिती आहे, पण स्टार वॉर्स काढणारा लुकस कुरोसावाचा चाहता, त्याच्या 'हिडन फोर्ट्रेस'मधून त्यानं काय काय उचललं हे तो स्वतःच सांगतो, व्हेडरचं हेल्मेट पण सामुराईच्या शिरस्त्राणावरनं. त्यामुळं या सगळ्या लढायांचं आजोळ तिकडंच आहे.

आणि या घराण्यातली माझी सगळ्यात आवडती लढाई सिनेमातली नाहीच, 'रिबेल्स' या ॲनिमेशन मालिकेत आहे, २०१७ ची. म्हातारा ओबी-वान वाळवंटात, आणि मॉल त्याला हुडकत येतो. इतक्या वर्षांचं वैर, आपल्याला वाटतं आता अर्धा तास चालेल. दोघं उभे राहतात. ओबी-वान आधी आपल्या नेहमीच्या पवित्र्यात, मग हळूच पवित्रा बदलतो आणि आपल्या मेलेल्या गुरूसारखा उभा राहतो. मॉलला आयतं सापडतं, ज्या डावानं गुरूला मारलं तोच डाव टाकायला जातो, तलवारीच्या दांड्यानं तोंडावर मारून मग भोसकायचं. ओबी-वानला तो डाव लाल भिंतीमागून दिसलेला होता. दोन-तीन वार, संपलं.

शेर भाऊ, आता सांगा. यात गरागरा शून्य.

शिरपूरचा_शेर

शून्य कसं? त्याच्या आधीची वीस वर्षांची गरागरा डोक्यात होती म्हणून ते तीन वार लागले तुम्हाला. ज्यानं 'फँटम मेनेस' बघितलाच नाही त्याला हा सीन दाखवा, तो म्हणेल म्हातारबाबानं एका टकल्याला मारलं, पुढं?

भुसावळ_जंक्शन

शेर आज फॉर्मात आहे. +१

गिरणाकाठचा (धागाकर्ता)

हे आवडलं शेर. म्हणजे निर्णय दिसायला आधी माणूस ओळखीचा पाहिजे, तो तीन वारांत उभा करता येत नाही.

याच कारणानं मला 'रोग वन'मधला (२०१६) तो बोळातला व्हेडर आवडून पण या यादीत धरता येत नाही. अंधार, श्वासाचा आवाज, लाल पातं पेटतं, थेटरात शिट्ट्या. पण समोरच्या बिचाऱ्या सैनिकांना काही चान्सच नाही, ती लढाई नाही, तो अपघात आहे.

सातपुडा_एक्सप्रेस

'इक्विलिब्रियम' कोणी काढला नाही अजून, २००२ चा, ख्रिश्चन बेलवाला. सिनेमाभर नुसत्या बंदुका, बंदुकांचीच एक कवायत शोधून काढलीय त्यात, आणि शेवटी तलवारी निघतात. आपण सरसावून बसतो आता मोठी जुंपणार म्हणून, आणि हिरोच्या मागं लागलेला त्याचाच जोडीदार दोन-चार वारांत आडवा. पहिल्यांदा बघितला तेव्हा फसवल्यासारखं वाटलं, नंतर कळलं की तोपर्यंत हिरो इतका पुढं गेलेला असतो की लढाई लांबली असती तरच खोटी वाटली असती. आप्पांचा सिनेमा आहे हा.

'पॅसिफिक रिम'मधे मात्र उलटी तक्रार. राक्षसानं उचलून पार आभाळात नेल्यावर यंत्रमानवाच्या हातातून तलवार बाहेर येते, भारी दिसतं, तो यंत्रमानव चालवणारी माको म्हणते माझ्या घरच्यांसाठी, सगळं छान. पण अरे तलवार होती तर इतका वेळ बुक्के का मारत बसलेले! नियम आधी सांगा रे बाबा.

तापीबाई

आणि २०१७ च्या 'लास्ट जेडाय'मधली सिंहासनाच्या खोलीतली लढाई? पहिल्यांदा बघताना मी उभी राहिले होते, लाल कपडेवाले पहारेकरी, मागं लाल पडदे जळतायत, रंग तर काय. मग नेटवर कोणीतरी दाखवलं की एका पहारेकऱ्याच्या एका हातातला सुरा मधेच गायब होतो, कारण तो असता तर रे, म्हणजे त्यातली हिरॉइन, तिथंच मेली असती. आता मला दुसरं काही दिसतच नाही. तरी शेवटचा तुकडा मला आवडतो, रे तलवार विझवून सोबत लढणाऱ्या कायलोकडं फेकते, तो ती पहारेकऱ्याच्या तोंडासमोर धरून बटण दाबतो. उजेडाच्या तलवारीशिवाय हे होऊच शकत नाही. साय-फायची तलवार आहे तर तिचं साय-फायपण वापरा ना, साध्या लोखंडी तलवारीनं पण तेच झालं असतं तर मग उजेड कशाला पाहिजे?

ठिबक_सिंचन

सगळे प्रतिसाद वाचले, एकदम कामाचा धागा. आम्ही कॉलेजची पाच पोरं एक शॉर्ट फिल्म करतोय, साय-फाय, खानदेशातलीच. पन्नास वर्षांनी तापी आटलेली आहे, पाण्यावर पहारा आहे, दोन सख्खे भाऊ वेगवेगळ्या बाजूला. शेवटी केळीच्या बागेत रात्री दोघांची लढाई. पीव्हीसी पाइपाच्या तलवारी केल्यात. अडचण अशी की ट्रायलला शूट केलं तर नुसती पोरं पाइपानं भांडतायत असं दिसतंय. काय करू?

कळण्याची_भाकर

अरे वा. पाइपात एलईडीची पट्टी टाक, दुधी रंगाचा पारदर्शक पाइप मिळतो का बघ. नंतर कॉम्प्युटरवर पातं रंगवण्यापेक्षा हे बरं, कारण उजेड चेहऱ्यावर पडतो. २०१५ च्या 'फोर्स अवेकन्स'मधे बर्फातल्या जंगलात लढाई आहे, तिथं पात्यांचा निळा-लाल उजेड तोंडावर आणि बर्फावर पडतो म्हणून ती इतकी खरी वाटते. केळीच्या पानावर खाली असा उजेड काय दिसेल सांगू! आवाज नंतर सावकाश भर, शूटिंगचा आवाज वापरू नको, पाइपाचा टक् आला की मेलं सगळं.

तापीबाई

आधी बाळांनो डोळ्यांना चष्मा लावा आणि तोंडाच्या दिशेनं एक पण वार नको, सरावाला पण नको. वार खांद्यावर, कमरेच्या बाजूला, मांडीवर. सगळा क्रम आधी एकदम हळू बोलून पाठ करा, एक जण वार म्हणतो, दुसरा अडव म्हणतो. आठ-दहा वार पुरतात. कॅमेरा बाजूला ठेवा म्हणजे दोघांमधलं अंतर दिसेल, आणि सारखं कट करू नका.

गिरणाकाठचा (धागाकर्ता)

@ठिबक, एक विचारतो. त्या भावांकडं बंदुका का नाहीत? आणि त्यातला एक जण दुसऱ्याला मारायला आलाय का घरी न्यायला? एवढं मला सांग, मग वार कुठला कुठं ते आपण इथंच बसवू.

ठिबक_सिंचन

दादा, बंदुकीचा विचारच केला नव्हता. गोळी पाइपलाइनला लागली तर पाणी जाईल, आणि पाणी सांडणं हाच त्या जगातला सगळ्यात मोठा गुन्हा, असं चालेल का? मोठा भाऊ न्यायला आलाय. धाकट्याला वाटतं मारायला आलाय.

सातपुडा_एक्सप्रेस

चालेल काय, पळेल! म्हणजे मग दोघांनी वार करताना पाइपलाइन जपायची. मोठ्यानं मारता मारता वार वळवून घ्यायचा कारण मागं पाइप आहे. धाकट्याच्या मनात शंका यायला तेवढं पुरे, मारायलाच आला असता तर यानं वार सोडला असता का?

पुण्यात_अडकलेला_धुळेकर

आणि शेवटचा वार धाकट्याचा, तो पाइपलाइनला लागू दे.

अहिराणी_आप्पा

पोऱ्याहो, माले बी घ्या रे पिच्चरमा. म्हतारा बाप पाहिजे व्हई ना?

शिरपूरचा_शेर

आप्पांना घ्याच. पण एक गिरकी ठेवा रे, धाकट्याला द्या, तरुण आहे, त्याला वाटत असतं आपल्याला लई येतं.

ठिबक_सिंचन

गिरकी ठेवतो, आणि त्या गिरकीतच त्याचा पाय केळीच्या खुंटावरून घसरतो असं करतो म्हणजे ताई पण खूश. आप्पा, तुम्हाला मेसेज करतो. शूट या शनिवारीच उरकायला लागेल, या आठवड्यात शेताची लाइट रात्रीची आहे, पुढच्या आठवड्यापासून दिवसा येणार आहे आणि मग बागेत बल्ब लावायला जनरेटर आणावा लागेल. त्याचे पैसे नाहीत.